फुगाझी लाइव्ह सिरीज : एका बँडची पंधरा वर्षे, कार्यक्रमागणिक

फुगाझी हा अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराचा स्वतंत्र रॉक बँड १९८७ ते २००२ या काळात एक हजाराहून अधिक वेळा मंचावर उभा राहिला, आणि त्यांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण बँडच्या सोबत फिरणाऱ्या ध्वनितंत्रज्ञांनी करून ठेवले. हा साठा डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या कंपनीने १ डिसेंबर २०११ पासून ‘फुगाझी लाइव्ह सिरीज’ या नावाने आपल्या संकेतस्थळावर विक्रीस ठेवला. आरंभी १३० कार्यक्रम होते, पुढे भर पडत गेली. एका कार्यक्रमाची सुचवलेली किंमत ५ डॉलर आहे, मात्र १ डॉलरपासून १०० डॉलरपर्यंत आपल्याला योग्य वाटेल ती रक्कम भरण्याची मुभा ग्राहकाला दिलेली आहे. मराठवाड्यात बसून ही सेवा घेणाऱ्या श्रोत्याच्या पदरात नेमके काय पडते, आणि तेवढ्या पैशांचे मोल होते का, हे या परीक्षणात पाहायचे आहे.

ज्यांनी या बँडचे नावही ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. गायक आणि गिटारवादक इयन मकाय याने आपला मित्र जेफ नेल्सन याच्यासह १९८० मध्ये डिस्कॉर्ड ही कंपनी काढली ती आपल्याच मित्रमंडळींच्या रेकॉर्ड छापण्यासाठी. मायनर थ्रेट हा त्याचा पंक बँड १९८३ मध्ये संपल्यानंतर काही वर्षांनी त्याने बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा जो लॅली आणि ड्रमवादक ब्रेंडन कँटी यांना घेऊन फुगाझीची उभारणी केली. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये झालेल्या पहिल्या कार्यक्रमात हे तिघेच होते; चौथा सभासद गी पिचिओटो नंतर आला, आधी केवळ गायक म्हणून आणि पुढे दुसरा गिटारवादक म्हणून. त्यानंतरची पंधरा वर्षे या चौघांनी मोठ्या कंपन्यांशी करार केला नाही, व्यवस्थापक नेमला नाही, आपल्या नावाचे टी-शर्ट विकले नाहीत, तिकीट शक्य तिथे ५ डॉलरच्या आसपास ठेवले आणि कार्यक्रमाला कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश मिळालाच पाहिजे, अशी अट घातली. अमेरिकेत रॉकचे कार्यक्रम बहुधा दारू विकणाऱ्या जागी होतात आणि तिथे अल्पवयीनांना मज्जाव असतो. ही अट पाळण्यासाठी बँडला चर्चची सभागृहे, शाळांच्या व्यायामशाळा आणि वस्त्यांमधील समाजमंदिरे शोधावी लागत, आणि ते फोन मकाय स्वतः करत असे.

या बँडविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात ‘नाही म्हणणारा बँड’ हीच प्रतिमा वारंवार येते. ती खोटी नाही, पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते आणि ती उघड करणे हेच माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे काम आहे : ही कारकीर्द तत्त्वांवर जेवढी उभी होती, तेवढीच हिशोबाच्या वहीवर उभी होती. संग्रहातील प्रत्येक कार्यक्रमाचे स्वतंत्र पान आहे. तारीख, जागा, दारावरील तिकिटाचा दर, उपस्थितांची संख्या, त्या रात्री सोबत वाजवणारे इतर बँड, वाजवलेल्या गाण्यांचा क्रम, ध्वनिमुद्रण कोणी केले आणि ते कोणत्या माध्यमावर झाले, अशा नोंदी तिथे दिसतात, आणि बऱ्याच पानांवर त्या कार्यक्रमाची छायाचित्रे किंवा हाताने चिकटवलेली भित्तिपत्रकेही आहेत. काही गावांत लोक भरभरून आले, काही गावांत मूठभर आले, आणि दोन्हींची नोंद सारख्याच टाइपात झाली आहे. एखाद्या बँडच्या लोकप्रियतेची चढती कमान चरित्रकाराच्या विशेषणांविना, केवळ दर आणि डोकी यांच्या रकान्यांतून वाचता यावी, अशी सोय मला अन्यत्र आढळलेली नाही.

मराठवाड्यातील वाचकाला या नोंदींचे अप्रूप अधिक वाटेल, कारण आपल्याकडे वाजवले खूप जाते आणि टिपून ठेवले फार कमी जाते. गिटार आणि ड्रम घेऊन उभे राहणाऱ्या मुलांना आपल्या भागात मिळणारा मंच म्हणजे महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, नाही तर विद्यापीठाचा युवक महोत्सव, जिथे पाश्चात्त्य समूहगान आणि पाश्चात्त्य वाद्यसंगीत हे स्पर्धेचे प्रकार असतात, ठरलेली मिनिटे संपली की घंटा वाजते आणि निकालपत्रापलीकडे काहीही उरत नाही. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर इथल्या एखाद्या गटाने स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचे ठरवले, तर नाट्यगृहाचे भाडे, साउंडवाल्याचे पैसे आणि तिकीट काढून कोण येणार हा प्रश्न, हे तिन्ही एकदम समोर येतात. फुगाझीपुढेही नेमके हेच प्रश्न होते. त्यांनी खर्च खाली आणला, स्वतः गाडी चालवली, लोकांच्या घरी मुक्काम केला आणि तिकीट न वाढवता कार्यक्रमांची संख्या वाढवली. अर्थात, वॉशिंग्टनपासून दर काही तासांवर एक विद्यापीठाचे गाव आणि तिथे एक महाविद्यालयीन रेडिओ केंद्र, ही अमेरिकेतील सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे हे गणित जसेच्या तसे आपल्याकडे बसेल, असा दावा मी करणार नाही.

आता ध्वनीविषयी. ही मुद्रणे आधी कॅसेटवर, नंतर डिजिटल टेपवर आणि शेवटच्या काळात सीडीवर झाली, आणि त्यांची प्रत त्याप्रमाणे बदलत जाते. विक्रेता हे लपवत नाही. ध्वनीची प्रत कशी आहे, याचा शेरा पानावरच दिलेला असतो आणि तो माझ्या अनुभवात प्रामाणिक निघाला. आरंभीच्या वर्षांतील अनेक मुद्रणांत गायकांचा आवाज पुढे आणि गिटारी मागे राहिल्या आहेत, कारण ही मुद्रणे सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली आहेत आणि लहान जागेत गिटारींचा आवाज त्यांच्या अॅम्प्लिफायरमधूनच पुरेसा येत असल्याने तो यंत्रणेत कमी सोडला जातो. मोबाइलच्या स्पीकरवर अशी मुद्रणे अत्यंत पोकळ वाटतात. बरा हेडफोन लावला तर लॅलीचा बेस हाती लागतो, आणि या बँडचे सारे बांधकाम त्या बेसवरच झाले आहे हे लक्षात येते. जमैकाच्या डब, म्हणजे रेगेतून निघालेल्या बेसप्रधान संगीतातून उचललेली, मोजक्या स्वरांत फिरणारी ती चाल खाली अखंड चालू असते आणि वर मकायची गिटार ठोकळ्यांसारखी, तर पिचिओटोची तारा ओरबाडल्यासारखी वाजते.

‘वेटिंग रूम’ हे त्यांचे सर्वांत परिचित गाणे या संग्रहात असंख्य वेळा भेटते. त्याच्या आरंभी बेस आणि ड्रम चांगले जम धरतात आणि अचानक सारे थांबते. क्षणभर काहीच नाही, आणि मग बँड पुन्हा कोसळतो. स्टुडिओतील मुद्रणात ती शांतता रिकामी आहे. कार्यक्रमांत मात्र त्या जागी श्रोते ओरडतात, कोणी शीळ घालतो, कुठे सारे सभागृह एका श्वासात थबकते, आणि त्या एका पोकळीवरून त्या रात्रीचा जमाव कसा होता याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसे. एक गाणे संपता संपता कोणी तरी पुढच्याची खूण वाजवी आणि उरलेले तिघे तिकडे वळत. पुढे गाणी वाढली तशी ही पद्धत अधिकच अवघड आणि अधिकच श्रवणीय होत गेली. म्हणून नवख्या श्रोत्याने १९८८ वा १९८९ पासून आरंभ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षांतील कार्यक्रम जोमदार असले तरी गाणी थोडी आणि मांडणी बरीचशी सारखी आहे. १९९८ नंतरचे कार्यक्रम घ्यावेत. तोवर सोबत दुसरा ड्रमवादक जेरी बुशर येऊ लागला होता, कँटीच्या ड्रमशेजारी टांगलेली घंटा कधी वाजेल याचा नेम उरला नव्हता, आणि दोन गाण्यांच्या मधले सांधे गाण्यांइतकेच मोलाचे झाले होते. ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरममध्ये झालेला कार्यक्रम शेवटचा ठरला, पण त्यात निरोपाचा सूर शोधू नये. बँड विसर्जित झाल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही.

या मुद्रणांत बोलणे पुष्कळ आहे आणि ते कापलेले नाही. समोरचे श्रोते एकमेकांवर आदळत नाचू लागले, मागच्यांनी पुढच्या मुलींना चेंगरले, की गाणे मध्येच थांबते. सप्ताहात मागे बसून गप्पा मारणाऱ्यांना कीर्तनकाराने टाळ-मृदंग थांबवून जागेवर उभे करावे, तसे मकाय त्या माणसाला नेमके हुडकतो, शांत शब्दांत समज देतो, आणि तरीही ऐकले नाही तर त्याचे तिकिटाचे ५ डॉलर परत करून त्याला बाहेर पाठवतो. पहिल्यांदा ऐकताना हे विलक्षण वाटते. सलग अनेक कार्यक्रम ऐकले की मात्र त्या उपदेशाचा थोडा कंटाळा येतो, हे नमूद केले पाहिजे. बँडलाही तो येत असावा, असे नंतरच्या वर्षांतील तिरकस विनोदांवरून वाटते. परंतु विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे मुलींना उभे राहायला जागा नसते हे पाहिलेल्या आपल्या वाचकाला, आवाज मोठा असूनही समोरची जागा सर्वांची ठेवता येते, याचा हा पुरावा उपयोगी वाटेल.

बँडने आपल्या शहरातील कार्यक्रमांतून पैसा मिळवला नाही. वॉशिंग्टनमध्ये ते विनामूल्य तरी वाजवत, किंवा एखाद्या सामाजिक कामाच्या निधीसाठी. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी, व्हाइट हाउससमोरील लाफायेत पार्कमध्ये कडाक्याच्या थंडीत त्यांनी निषेधाचा कार्यक्रम केला. आपल्याकडे शाहिरी आणि आंबेडकरी जलशांनी लढ्यातच उभे राहून गाण्याची जी परंपरा घडवली, तिच्या श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की फुगाझीची गाणी घोषणा क्वचितच देतात; त्यांचे शब्द तुटक, आडवळणाचे आणि अनेकदा स्वतःलाच प्रश्न विचारणारे असतात, त्यामुळे इंग्रजी उत्तम येत असूनही ते पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाहीत.

केवळ लाइव्ह मुद्रणांवर भागेल का? माझे उत्तर नाही असे आहे. आधी निदान दोन स्टुडिओ अल्बम ऐकावेत : १९९० चा ‘रिपीटर’ आणि २००१ चा ‘द आर्ग्युमेंट’. पहिल्यात दोन गिटारींची जुगलबंदी प्रथमच पूर्ण आकाराला आली. दुसऱ्यात सेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे वाद्य, स्त्रियांचे आवाज आणि संयम आहे, जो मंचावर तसाच उतरवणे शक्य नव्हते. १९९३ चा ‘इन ऑन द किल टेकर’ त्यांनी आधी शिकागोला ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी याच्याकडे मुद्रित केला आणि मनाजोगता न उतरल्याने घरी परतून पुन्हा केला. तरीही तो अल्बम मला बंदिस्त वाटतो, आणि त्यातीलच गाणी १९९३ च्या दौऱ्यातील मुद्रणांत मोकळी झालेली ऐकू येतात. अशा तुलनेसाठी हा संग्रह अमूल्य आहे. १९९८ च्या ‘एंड हिट्स’विषयीही मी हेच म्हणेन.

सेवेची खरी उणीव विपुलतेत आहे. आठशेहून अधिक पाने वर्ष, देश आणि शहर यांनुसार चाळता येतात, परंतु कोणता कार्यक्रम श्रेष्ठ, कुठे काय वेगळे घडले, याविषयी बँडने निवड करून दिलेली नाही. सर्व रात्री सारख्या, ही त्यांची भूमिका समजू शकते. पण नव्या श्रोत्याची त्यात दमछाक होते. आधीचे ग्राहक आणि त्या रात्री हजर असलेले लोक पानांवर आठवणी लिहितात, त्यांचाच काय तो आधार. ज्यांना स्वच्छ, घोटून काढलेला ध्वनी हवा आहे, किंवा रॉक म्हटले की लांबलचक गिटार सोलो अपेक्षित आहेत, त्यांनी इथे पैसे घालू नयेत.

व्यवहाराची बाजू सोपी आहे, पण थोडी पूर्वतयारी लागते. यूपीआय इथे चालत नाही. आपल्याकडील नव्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून स्वतः सुरू करावे लागतात, आणि चलन बदलण्याचा आकार निराळा पडतो. ५ डॉलर म्हणजे चारशे रुपयांहून थोडे अधिक. संभाजीनगरात तापडिया नाट्यमंदिरातील व्यावसायिक नाटकाच्या एका तिकिटाइतकी ही रक्कम झाली. विद्यार्थ्याने १ डॉलर भरून घ्यायला संकोच करू नये, कारण ती सोय विक्रेत्यानेच ठेवलेली आहे. कार्यक्रम तास-दीड तासाचे असल्याने फाइली मोठ्या असतात, तेव्हा गावाकडच्या मोबाइल डेटावर उतरवण्यापेक्षा वायफाय असलेल्या जागी उतरवाव्यात. बँडच्या व्हायनिल रेकॉर्ड डिस्कॉर्डकडे अमेरिकेच्या मानाने स्वस्त मिळतात, परंतु इथपर्यंतचा टपालखर्च आणि सीमाशुल्क धरल्यास त्यांची किंमत दुपटीच्या पुढे जाते, म्हणून आपल्याकडील ग्राहकाने त्या वाटेला न जाता डाउनलोडच घ्यावे.