भगिनी शहर की इक्ली?

सी-फॉर्टी, म्हणजे हवामान बदलावर काम करणाऱ्या जगातल्या मोठ्या शहरांच्या गटाचा विचार आधीच बाजूला ठेवा. मुंबई 2020च्या डिसेंबरात तिथे गेली, 2022च्या मार्चमध्ये तिचा हवामान कृती आराखडाही आला. पण पर्यावरणाच्या कामात बाहेरच्यांकडून शिकायचं, तर आपल्यासारख्या 'ड' वर्ग, म्हणजे लहान महापालिकेपुढे दोनच वाटा उरतात: परदेशातल्या एखाद्या शहराशी भगिनी करार, नाहीतर 'इक्ली' या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागतिक जाळ्याचं सभासदत्व. पर्यावरण कक्षात असताना मी दोन्ही पाहिलंय.

करारात जीव असतो, हे मान्य. समोर एक खरं शहर, एक खरा अभियंता. आमच्या ओल्या कचऱ्यात नारळाच्या करवंट्या येतात आणि यंत्र अडतं, असा फोटो पाठवला की दोन दिवसांत त्याचं उत्तर. कुठल्या पुस्तिकेत हे मिळणार? पण हा सगळा पत्रव्यवहार आमच्या उपायुक्तांच्या खासगी मेलवर. त्यांची बदली झाली, आणि तिकडचा बिचारा पाच महिने त्याच पत्त्यावर लिहीत राहिला. नव्या साहेबांनी फाइल मागवली. त्यात निघालं काय, तर सह्या करतानाचा फोटो आणि शालींचं बिल. माझं मन बहुधा तिथेच फिरलं.

इक्लीतही कटकट आहेच. वर्गणी दरवर्षी बजेटात धरावी लागते आणि लेखा विभाग दरवर्षी विचारतो, 'हे कशाला?' शहरातून किती हरितगृह वायू बाहेर पडतात, याची मोजदाद तर विचारूच नका. वीज कंपनीचा उपविभाग आणि आमची हद्द जुळेना. शेजारच्या तीन गावांच्या शेतीपंपांची वीज आमच्या माथी आली. पण माणसं बदलली तरी धागा तुटला नाही. त्यांच्या दिल्लीच्या कार्यालयातून आमचेच दोन वर्षांपूर्वीचे तक्ते आम्हाला परत मिळाले! शिवाय शिकायला फार लांब जावं लागत नाही. शहरातली मालवाहतूक कमी धुराची कशी करायची, यावर पणजी, कोची, सिमल्यात त्यांनी काम केलंय. पणजीला जायला व्हिसा लागत नाही.

कुणी म्हणेल, पुणे आणि जर्मनीतल्या ब्रेमेनचं भगिनी शहरांचं नातं टिकलंच ना? टिकलं, औंधात ब्रेमेन चौकसुद्धा आहे. पण ते महापालिकेइतकंच नागरिकांच्या गटांनीही धरून ठेवलं. तुमच्या गावात अशी चिवट माणसं असतील, तर माझं ऐकू नका, करार करा. फक्त मेलचा पत्ता साहेबांच्या नावाचा नको, पदाच्या नावाचा काढा, आणि पासवर्ड आस्थापना विभागाकडेही ठेवा.