तिसरीच्या वर्गातील प्राणिमित्र कार्यशाळा: चार सत्रांचा अनुभव

लालबागच्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत जानेवारी आणि फेब्रुवारी महिन्यांत तिसरीच्या मुलांसाठी एका संस्थेची 'प्राणिमित्र' कार्यशाळा झाली. पाऊण तासाची चार सत्रे आणि प्रत्येक मुलामागे दीडशे रुपये शुल्क असे तिचे स्वरूप होते. वर्गशिक्षिका म्हणून मी चारही सत्रांना पूर्ण वेळ बसले होते.

पहिल्या सत्रात प्राण्यांच्या गरजा शिकवल्या गेल्या. चित्रे सुबक होती, गाणे मुलांना आवडले. त्याहून अधिक त्यात सांगण्यासारखे नाही. खरा कस दुसऱ्या सत्रात लागला. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसली तर त्याचे निर्बीजीकरण आणि रेबीजचे लसीकरण झालेले असते, हे ऐकल्यापासून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचे कान मुले लांबूनच न्याहाळू लागली आहेत. 'लांबूनच' हा शब्द शिकवायला आलेल्या संस्थेच्या ताईंनी तीनदा म्हणवून घेतला, हे विशेष. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही, हा नियमही त्यांनी नाटुकल्यातून पक्का केला. दया शिकवताना सावधगिरी विसरली गेली नाही, ही माझ्या मते या कार्यशाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते. हे केवळ सांगून न थांबता ताईंनी दोन मुलांना नळाशी उभे करून हातावर काढलेली रंगाची खूण घड्याळ लावून धुवायला लावली. पाचव्या मिनिटाला दोघेही कंटाळले आणि पंधरा मिनिटे म्हणजे नेमकी किती, हे वर्गाला कळले. जखमेवर मिरचीपूड किंवा चुना लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यायची आणि मुख्य म्हणजे ओरडा बसेल म्हणून साधा ओरखडाही घरी लपवायचा नाही, हेही बजावले गेले. या वयाची मुले ओरखडे सर्रास लपवतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

माझी तक्रार आहे ती तिसऱ्या सत्राबद्दल. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, असे ताईंनी सांगितले. माहिती अचूक होती. मात्र समोर बसलेल्या पस्तीस मुलांपैकी कोणाच्या घरी पोपट आहे का, याची चौकशी आधी झालेली नव्हती. एका मुलाच्या आजीने लहानपणापासून सांभाळलेला पोपट आहे. त्याने घरी जाऊन 'आजी, पोलीस येतील' म्हणत पिंजऱ्याचे दार उघडले. सुदैवाने खिडकी बंद होती. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला पक्षी अचानक मोकळा सोडला तर कावळे आणि मांजरे यांच्यापुढे त्याचा टिकाव लागणे कठीण असते. म्हणून पक्षी सोडून न देता वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवायचे असते, हे वाक्य त्या सत्रात यायलाच हवे होते. आठ वर्षांच्या मुलाला घरातल्या मोठ्यांचा गुन्हा सांगायचा आणि पुढची वाट दाखवायची नाही, याला मी जबाबदारीचे शिक्षण म्हणणार नाही. संस्थेला हे पत्राने कळवल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि पालकांसाठी अर्ध्या तासाची बैठक विनामूल्य घेतली. पुढे आजींनी स्वतःच वन विभागाला फोन केला. ही बैठक मुळातच पहिल्या सत्राआधी ठेवावी, अशी अट इतर शाळांनी घालावी, असे मी सुचवेन.

चौथ्या सत्रात पक्ष्यांसाठी सहा मातीची पसरट भांडी आणि पाळ्यांचा छापील तक्ता मिळाला. पाणी रोज ओतून, भांडे घासून पुन्हा भरायचे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात, हे मुलांना पटले असून गेले तीन आठवडे एकही पाळी चुकलेली नाही; एका मुलीने तर तापात असताना शेजारणीच्या हातून निरोप पाठवून आपली पाळी बदलून घेतली. तक्ता मात्र शाळेच्या वर्षाप्रमाणे जून ते एप्रिल असा छापलेला आहे. पाण्याची सर्वाधिक गरज असलेला मे महिना त्यात नाहीच, हे मुलांच्याच लक्षात आले. त्यांनी कडेला पट्टीने एक रकाना आखला आणि समोरच्या चाळीत राहणाऱ्या तिघांनी त्यात आपली नावे लिहिली.