बिघडलेली ई-स्कूटर: दुरुस्ती घ्यावी की पैसे परत मागावेत?

खान्देशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गाडी घरी आणण्याची रीत जुनी आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्या दिवशी शोरूमबाहेर हार घालून उभ्या असलेल्या गाड्यांत विजेवर चालणाऱ्या दुचाकीही दिसू लागल्या आहेत. अशी गाडी वर्ष-दीड वर्षातच वारंवार बंद पडू लागली, की मालकापुढे दोन मागण्या उभ्या राहतात: गाडी नीट करून द्या, किंवा पैसे परत द्या. दोन्ही मागण्या कायद्याने करता येतात; मात्र त्यांना लागणारा वेळ, लागणारा पुरावा आणि शेवटी हातात पडणारी रक्कम यांत इतका फरक आहे, की रागाच्या भरात निवडलेली वाट पुढे महागात पडते. माझे मत असे, की बिघाड एका सुट्या भागापुरता असेल आणि तो भाग मिळत असेल, तर दुरुस्तीच घ्यावी. पण ती अशी लेखी घ्यावी, की उद्या पैसे परत मागण्याची वेळ आलीच, तर तेच कागद कामी यावेत.

माझ्या स्वतःच्या स्कूटरने पहिल्या उन्हाळ्यात एका चार्जिंगवर 80 किलोमीटर दिले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तीच गाडी 45 वर आली. शोरूममधील माणसाचे उत्तर ठरलेले होते: “भाऊ, भुसावळचं ऊन आहे, बॅटरी तापणारच.” हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. लिथियम-आयन बॅटरी सतत तापत राहिली, तर तिची झीज लवकर होते, आणि जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या वर जातो. उन्हातून आल्याआल्या गाडी चार्जिंगला लावली, तर बॅटरीतील सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस नावाची यंत्रणा चार्जिंग मंद करते किंवा थांबवते, आणि तेव्हा ती आपले काम चोख करीत असते. परंतु भारतात गाडी विकणाऱ्या कंपनीला इथला उन्हाळा ठाऊक असायला हवा. गाडीसोबतच्या पुस्तिकेत वापराची तापमानमर्यादा छापलेली असेल, तर ती आधी पाहावी. त्या मर्यादेत गाडी वापरली असेल, तर उन्हाचे कारण पुरेसे ठरत नाही.

रेंजच्या, म्हणजे एका चार्जिंगवर मिळणाऱ्या अंतराच्या तक्रारीत बहुतेक जण आणखी एका ठिकाणी अडखळतात. जाहिरातीतील रेंज ठरावीक चाचणीत, ठरावीक वेगाने मोजलेली असते, आणि रस्त्यावर तिच्यापेक्षा कमी अंतर मिळते, एवढ्यावरून गाडी सदोष ठरत नाही. खरा पुरावा असतो तो आपल्याच गाडीच्या पहिल्या काही महिन्यांशी केलेल्या तुलनेचा. त्यासाठी सकाळच्या थंड वेळी, पूर्ण चार्जिंग करून, एकट्याने, नेहमीच्याच रस्त्यावर गाडी चालवावी. निघताना आणि परतल्यावर मीटरवरचे किलोमीटर व बॅटरीची टक्केवारी एकाच फोटोत येईल असे पाहावे, आणि हा प्रयोग आठवड्याच्या अंतराने तीनदा करावा. भुसावळहून जळगाव सुमारे 25 किलोमीटर आहे. तेथे जाऊन परत येताना गाडी वाटेत बंद पडत असेल, तर असे तीन फोटो दहा तोंडी तक्रारींपेक्षा वजनदार ठरतात.

दुरुस्तीची बाजू

चार्जर, थ्रॉटल (वेग वाढवण्याची मूठ), कंट्रोलर (मोटारीला वीज नियंत्रित करून देणारा भाग), वायरिंग, ब्रेकचा सेन्सर किंवा डिस्प्ले यांपैकी काही बिघडले असेल, तर फार विचार करण्याचे कारण नाही. वॉरंटीत तो भाग बदलून घ्यावा. असे भाग आले, की काम काही तासांत होते. अडचण भाग येण्याची असते. शहादा, चोपडा किंवा रावेर येथे विक्रीचे दालन असले, तरी बॅटरी तपासण्याचे साधन आणि प्रशिक्षित माणूस जळगाव, धुळे किंवा थेट नाशिकला असू शकतो. बंद पडलेली गाडी तिथवर टेम्पोत टाकून न्यावी लागते, आणि तो खर्च कोणी करायचा, हे वॉरंटीच्या कागदावर लिहिलेले नसेल, तर तो गुपचूप ग्राहकाच्या माथी बसतो. म्हणूनच गाडी ठेवतानाच वाहतुकीचा खर्च कोणाकडे, हे ईमेलवर विचारून घ्यावे. उत्तर आले तर उत्तमच, आणि आले नाही तर तो ईमेलही पुरावाच.

बॅटरीची दुरुस्ती ही स्वतंत्र गोष्ट आहे, कारण गाडीच्या किमतीतील सर्वांत मोठा सुटा भाग तोच असतो. कंपनी बॅटरी बदलून देते, तेव्हा ती नवी आहे की दुरुस्त केलेली जुनी, हे जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्यावे आणि दोन्ही बॅटऱ्यांचे अनुक्रमांक नोंदवून घ्यावेत. बदललेल्या बॅटरीची वॉरंटी सहसा नव्याने सुरू होत नाही, मूळ वॉरंटीचे जेवढे महिने उरले असतील तेवढीच ती चालते, हे अनेकांना वॉरंटी संपल्यावर कळते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली म्हणजे बॅटरी बदलून मिळेल, हा आकडाही वॉरंटीच्या अटींतच दिलेला असतो. तेव्हा “बॅटरी ठीक आहे” या शब्दांवर न थांबता तपासणीत आलेली क्षमतेची टक्केवारी लेखी मागावी.

शहरातील खासगी कारागिराकडे जाण्याचा तिसरा पर्याय स्वस्त आणि लवकर होणारा वाटतो. वॉरंटी संपली असेल, तर कंट्रोलर किंवा वायरिंगसाठी तो योग्यही आहे. वॉरंटी चालू असताना मात्र बॅटरीचे सील बाहेर उघडले, की कंपनीला हात झटकायला आयते निमित्त मिळते. शिवाय जुन्या सेलमध्ये दोन-चार नवे सेल घालून जोडलेली बॅटरी समतोल राहत नाही, आणि तिच्यात एखादा सेल जास्त तापण्याचा धोका राहतो. बॅटरीच्या सुरक्षेसाठी असलेले एआयएस-156 हे मानक डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले, ते गाड्यांना आगी लागण्याच्या घटनांनंतरच. मानकाप्रमाणे बनलेली बॅटरी गल्लीत उघडून जोडली, तर त्या मानकाचा काहीच उपयोग राहत नाही.

पैसे परत मागण्याची बाजू

ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यानुसार जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. कागदावर हे चारही पर्याय समान दिसतात, पण प्रत्यक्षात आयोगाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की भाग बदलून काम भागले नसते का? 2006 साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले होते, की भाग बदलून दोष दूर होत असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. म्हणून जो ग्राहक पहिल्याच बिघाडानंतर पैसे परत मागतो, त्याची बाजू कमकुवत राहते; जो तीनदा दुरुस्ती करून घेतो, प्रत्येक जॉबकार्ड जपून ठेवतो आणि तोच दोष पुन्हा आला हे दाखवतो, त्याची बाजू भक्कम होते. गाडी एकूण किती दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये पडून होती, याची बेरीज तक्रारीत पहिल्याच पानावर यावी.

निर्मितीतील दोष आहे, हे बहुधा तज्ज्ञाच्या तपासणीनेच सिद्ध होते, आणि आयोग त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, हे धरूनच निर्णय घ्यावा. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. निकाल आपल्या बाजूने लागला, तरी राज्य आयोगाकडे अपील होऊ शकते, पण ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

दुसरीकडे, ही वाट वाटते तितकी खर्चिक नाही. वस्तूची दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही, आणि दुचाकी या मर्यादेत सहज बसते. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. सर्वांत उपयोगी तरतूद अशी, की ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगातही तक्रार चालते. म्हणजे नवापूरच्या माणसाने सुरतेहून गाडी आणली असेल, तरी त्याने नंदुरबारला तक्रार करावी, सुरतेच्या खेपा घालण्याची गरज नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि “पुढच्या महिन्यात बघू” असे ऐकत ऐकत ती निघून जाते. तक्रारीत विक्रेता आणि निर्माता या दोघांनाही सामील करावे, कारण 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की विक्रेत्याच्या चुकीसाठी निर्माता आपोआप जबाबदार ठरत नाही. एकालाच पक्षकार केले, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

गाडीवर दूध घालणाऱ्या किंवा पार्सल पोहोचवणाऱ्या माणसाला “तुम्ही तर धंद्यासाठी घेतली” असे सांगून परत पाठवले जाते. स्वतः राबून, स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे, त्यामुळे या उत्तराने कोणी माघार घेऊ नये.

आयोगाआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक वापरून पाहावा. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते; पण तेथे नोंद झालेल्या तक्रारी वाया जात नाहीत. सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 या वर्षात एका मोठ्या ई-स्कूटर कंपनीविरुद्ध तेथे दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या, आणि त्यांच्या आधारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये त्या कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. एकट्या माणसाची गाडी या नोटिशीने दुरुस्त होत नाही, हेही खरे. दुरुस्ती लांबत असेल तर हेल्पलाइन उपयोगी पडते; पैसे परत मिळण्याची अपेक्षा तिच्याकडून कमी ठेवावी.

दुरुस्ती स्वीकारू नये अशा दोन वेळा

बॅटरी फुगली, तिच्यातून धूर निघाला किंवा चार्जिंग करताना प्लास्टिक वितळले, तर “सेल बदलून देतो” या तोडग्याला होकार देऊ नये. गाडी घरातून बाहेर, मोकळ्या जागी ठेवावी, चार्जिंग थांबवावे, फोटो काढावेत आणि पूर्ण नवी बॅटरी किंवा किंमत परत, एवढ्याच दोन पर्यायांवर बोलावे.

दुसरी वेळ फसव्या विक्रीची. नोंदणी, परवाना लागत नाही असे सांगून विकल्या जाणाऱ्या गाडीच्या मोटारीची शक्ती 250 वॅटपेक्षा जास्त नसावी आणि तिचा वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असावा, असा नियम आहे. हेच सांगून गळ्यात मारलेली गाडी प्रत्यक्षात ताशी 45 ने पळत असेल, तर ती रस्त्यावर बेकायदा आहे, आणि कोणतीही दुरुस्ती हा दोष दूर करू शकत नाही. येथे पहिल्या दिवसापासून पैसेच परत मागावेत, आणि तक्रारीचा भर बिघाडावर न ठेवता दिलेल्या खोट्या माहितीवर ठेवावा. विक्रेत्याने बिलावर मोटारीची शक्ती लिहिली नसेल, तर व्हॉट्सॲपवरील बोलणे आणि जाहिरातीचे पत्रक पुसून टाकू नये.

हातात नेमके किती पडते

तडजोडीत पैसे परत करायला कंपनी तयार झाली, तरी पहिला प्रस्ताव शोरूम किमतीचा, वापराची वजावट करून येतो. विमा, नोंदणीचा खर्च, जादा घेतलेली वॉरंटी आणि वेगळा विकत घेतलेला चार्जर यांचा त्यात उल्लेखही नसतो; तेव्हा आपली मागणी लिहिताना यांतील प्रत्येक रक्कम बिलासह वेगळी मांडावी. गाडी कर्जावर असेल, तर गाडी बंद असली तरी हप्ता थांबवू नये, कारण कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी असतो आणि थकलेला हप्ता सिबिलच्या नोंदीत राहतो. परत येणाऱ्या रकमेतून आधी उरलेले कर्ज फिटते, त्यानंतर ना-हरकत पत्र घेऊन आरसी बुकावरील बोजा उतरवावा लागतो. गाडी परत देताना ती आपल्या नावावरून उतरवण्याची जबाबदारी कोणाची, हे तडजोडीच्या कागदावर लिहिल्याशिवाय किल्ली देऊ नये. नाहीतर गाडी दुसऱ्याकडे पळते आणि दंडाचे चलान आपल्या मोबाइलवर येते.

माझ्या स्कूटरच्या बाबतीत बीएमएस बदलल्यावर रेंज 70 पर्यंत परत आली, आणि मी तेथेच थांबलो. 80 परत मिळवण्यासाठी आयोगात जाणे मला परवडणारे नव्हते. माझी तिन्ही जॉबकार्डे मात्र फाइलमध्ये आहेत, आणि वॉरंटीचे अजून अकरा महिने शिल्लक आहेत.