नागावचं भाड्याचं घर, पावसाळ्यासकट: वापरानंतरचा अनुभव

समुद्राजवळ सुट्टीसाठी घर शोधणारा माणूस फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "बीच किती लांब?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न असावा. पहिला पाण्याचा, दुसरा केअरटेकरचा. हे गेल्या ऑक्टोबरपासून अलिबागजवळच्या नागावचं एक घर वापरून लिहितोय. आम्ही तीन कुटुंबांनी मिळून ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर भाड्याने घेतलं. (अकरा महिने ही नुसती पडलेली पद्धत. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो. मालक "गरज नाही हो" म्हणाला तरी नोंदवून घ्या.) त्याआधी आवास-सासवण्यापासून काशीदपर्यंत आणि खाली गोव्यातही स्वस्त-महाग घरं वापरून झाली होती, त्यामुळे तुलना करता येते.

घर नारळ-पोफळीच्या वाडीत आहे, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे लांब पडवी, तीन खोल्या, त्यातल्या दोनात एसी. स्विमिंग पूल नाही. खिडकीतून समुद्र दिसत नाही, गाज मात्र रात्री ऐकू येते. एप्रिलच्या दुपारी स्लॅबच्या बंगल्यात एसीशिवाय पंधरा मिनिटं बसवत नाही. इथे पडवीत पंख्यावर जेवणं झाली, वर डुलकीही झाली.

आता पाणी. वाडीत विहीर आहे आणि जानेवारीपर्यंत तिचं पाणी उत्तम होतं. मार्चपासून चव बदलायला लागली, मे महिन्यात सरळ मचूळ. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं, आणि हल्ली शेजारीपाजारी प्रत्येक नव्या बंगल्याची स्वतःची बोअर आहे. अंगाला साबण फेसाळत नाही, केस चिकट राहतात, हे चालवून घेता येतं. पण तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही दाणेदार राहिली, तेव्हा वहिनींनी, म्हणजे केअरटेकरच्या बायकोने, स्वयंपाकाला नळाच्या पाण्याचे हंडे वेगळे भरून ठेवायला सुरुवात केली. तुम्ही दोन दिवसांसाठी जाणार असाल तरी विचारा: पाणी विहिरीचं, बोअरचं, नळाचं की टँकरचं? मे महिन्यातही तेच असतं का? वीस माणसांचा ग्रुप उतरला तर टाकी पुरते का? भाडं दिवसाला तीन हजार असो की तीस हजार, सगळ्यांना पाणी त्याच जमिनीतून येतं. महागड्या घरात फक्त टँकर लवकर येतो.

दुसरी गोष्ट खारा वारा. अगदी समुद्रासमोरच्या घराचा हट्ट मला आता कळत नाही. काशीदच्या बाजूला एका सी-फेसिंग व्हिलात आम्ही राहिलो होतो. तिथे एसीच्या बाहेरच्या युनिटला बोट लावलं तर जाळीच्या पत्र्या पिठासारख्या गळत होत्या. बिजागऱ्या गंजलेल्या, बाथरूमच्या खिडकीची कडी हातात आली. घर बांधून चार वर्षंही झाली नव्हती. आमच्याकडचा एसी वाडीच्या आडोशाला असूनही त्याचं गॅसचं काम एकदा निघालंच. मेकॅनिकने सांगितलं की महिन्याला बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने धुवा. तेव्हा समुद्रासमोरचा फोटो आवडला तर घर किती जुनं आहे आणि एसी कधी बदलले, एवढं विचारूनच पैसे भरा.

केअरटेकरवर मी दोन पानं लिहू शकतो. आमचे केअरटेकर, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, आवारातच राहतात, त्यामुळे रात्री अकराला फ्यूज उडाला तरी माणूस दारात. याउलट किहीमकडच्या एका पूलवाल्या व्हिलात केअरटेकर तीन बंगल्यांचा मिळून एक होता आणि शनिवारी तो अर्थातच तिसऱ्या बंगल्यात. रविवार दुपारपर्यंत पुलाचं पाणी हिरवट दिसायला लागलं. फिल्टर बंद होता, कारण लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर नुसते दिवे-पंखे चालतात, पंप नाही. जनरेटर आहे का, असेल तर त्यावर काय काय चालतं, डिझेलचे पैसे कोणाचे, हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारा. आणि पूल तुमचा एकट्यांचा की तिघांत मिळून, तेही. फोटो काढताना शेजारचे बंगले रिकामेच असतात.

जेवणाला वहिनींचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. बाजारातून मासे आपण आणायचे, करणावळ त्यांची. तांदळाची भाकरी, बोंबील, कोलंबीचं कालवण, सोलकढी. व्हिलांमध्ये बहुधा ताटामागे दर लावतात आणि सुरमईची तुकडी वेगळी मोजतात. शाकाहारी माणसाला त्याच दरात बटाट्याची भाजी. स्वयंपाकघर वापरू देतात का आणि त्याचे पैसे वेगळे का, ते आधी ठरवा.

पावसाळ्याबद्दल जाहिरातीत फक्त हिरवळ असते. आमच्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दारं फुगून बसली, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. पश्चिमेच्या बाजूने पडवीत पाऊस आडवा येतो, म्हणून भाऊंनी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधली. समुद्रात उतरायचं नाही, लाइटचा भरवसा नाही. तरी मला हेच महिने सगळ्यात आवडले, कारण बीचवरची गर्दी आणि वाळूत फिरवतात त्या एटीव्ही गाड्यांची घरघर गायब. वयस्कर माणसं सोबत असतील तर मात्र पायऱ्या बघून जा. जुनी घरं पावसाळ्याआधी निरखलीत तर आणखी एक गोष्ट दिसेल: 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने कौलं आणि झाडं गेली, ती दुरुस्ती कशी केली यावरून मालक कसा आहे ते कळतं.

बजेटचं म्हणाल तर माझा अनुभव असा. दिवसाला दोन-तीन हजारांत नागाव-आक्षीला वाडीतली साधी खोली मिळते, आणि ती वाईट नसते. त्याहून स्वस्तात फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवं बघायला जा. गावकऱ्यांच्या घरी गाद्या टाकून झोपायचं, जेवण त्यांच्या चुलीवरचं. मधल्या भावात पूल नसलेला अख्खा बंगला घ्या. माझं मत त्यालाच. वरच्या भावात मांडवा, आवास, सासवणे. तिथे शुक्रवार ते रविवारचा दर मंगळवारच्या दुप्पट असतो, 31 डिसेंबरचा तर विचारूच नका. रात्रीचा दर 7,500 च्या वर गेला की जीएसटी 18 टक्के, म्हणून सांगितलेला आकडा करासकट आहे का ते लिहून घ्या. गोव्यात दक्षिणेला आगोंद-पाळोळेच्या झोपड्या खिशाला परवडतात, पण पलीकडच्याचं घोरणंही भाड्यात येतं, आणि पावसाळ्याआधी त्या उतरवतात. आसगावच्या बाजूची जुनी पोर्तुगीज वळणाची घरं देखणी, समुद्र मात्र गाडीने. गोव्यात पर्यटन खात्याची नोंदणी लागते. तो नंबर मागितल्यावर समोरचा गडबडला तर पुढे जाऊ नका. अॅडव्हान्स भरण्याआधी गेटपासून आतपर्यंत व्हिडिओ कॉल करायला लावा, नुसत्या रील्सवर जाऊ नका.

येण्याजाण्याचं थोडक्यात: गेटवे-मांडवा बोटी पावसाळ्यात बंद असतात, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट समुद्र खवळला नसेल तर चालते आणि गाडीही घेते. अटल सेतूमुळे जानेवारी 2024 पासून मुंबईतून सुटणं सोपं झालं. वाटेत वडखळला शनिवारी सकाळी अडकणं आहे तसंच आहे. भरती-ओहोटीसाठी भाऊंचा हिशोब: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला, थोडं मागेपुढे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जायचं असेल तर हा हिशोब लक्षात ठेवा, परतीची वेळ धरून.

करार आम्ही पुढे वाढवतोय. टाकी दर दोन महिन्यांनी धुण्याची आणि मे महिन्यात टँकरचे निम्मे पैसे देण्याची अट मालकाने मान्य केली. जनरेटरला नाही म्हणाला, त्याऐवजी मोठी बॅटरी टाकून देतो म्हणतोय. एसीच्या दुरुस्तीवर अजून बोलणं चालू आहे.