उत्रेख्तच्या सायकल ट्रॅकवर दहा महिने

मागच्या सप्टेंबरात नोकरीसाठी पुण्याहून नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला आलो. पहिल्याच आठवड्यात जुनी सायकल घेतली. तेव्हापासून ऑफिस, भाजी, लेकीची शाळा, सगळं सायकलवरच.

लाल डांबराचे ट्रॅक कुणाच्याही डोळ्यांत भरतात. पण मला विचाराल तर खरी करामत चौकात आहे. आपल्याकडे ट्रॅक बहुतेक वेळा चौकाआधीच संपतो आणि जिथे सर्वांत जास्त जपायला हवं, नेमकं तिथेच सायकलवाला बस-रिक्षांच्या गर्दीत सापडतो. इथे बऱ्याच मोठ्या चौकांत कोपऱ्यावर छोटं बेट असतं. त्याला वळसा घालायचा म्हणजे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो. ट्रॅकपाशी येईपर्यंत ती जवळपास काटकोनात वळलेली असते, त्यामुळे ड्रायव्हरला आपण आरशात नाही, समोरच्या काचेतून दिसतो. (इथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून हा प्रश्न उजव्या वळणाचा, आपल्याकडे तोच डाव्या वळणाचा.)

गल्लीच्या तोंडाशी तर आणखी सोपं. फुटपाथ आणि ट्रॅक त्याच उंचीवर सलग पुढे जातात, चढ-उतार गाडीने करायचा. गाडी आपोआप हळू होते, पोलीस लागत नाही.

ही मंडळी जन्मजातच सायकलवाली, असं मात्र समजू नका. देशातला पहिला सायकलमार्ग 1885 साली याच शहरात, मालिबान नावाच्या रस्त्यावर झाला, हे खरं. तरी पुढे मोटारींनी रस्ते व्यापलेच. 1971 मध्ये देशभर रस्ते अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले आणि मग आराखडे बदलत गेले. लेकीला शाळेत सोडताना मला हे रोज आठवतं. आठ वर्षांची आहे. पुण्यात तिला सोसायटीच्या फाटकाबाहेर सायकल नेऊ देत नव्हतो.

स्टेशनखाली 12,500 सायकलींचा तळ आहे. सायकल चालवतच आत उतरायचं, पहिले 24 तास फुकट.

त्रास म्हणाल तर हिवाळ्यातला समोरचा वारा, आणि जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली. मागून आवाज न करता भरधाव येतात, लेक दचकते. त्यांचा वेग आणि तिचा वेग एकाच ट्रॅकवर बसत नाही.

पुढच्या वर्षी तिला एकटीला पाठवायचा विचार आहे. शाळेआधी सिग्नल नसलेला एक चौक लागतो, तिथे रविवारी सकाळी आम्ही दोघं सराव करतोय.