फी घेणारा आर्थिक सल्लागार: वर्षभर वापरून झाल्यावर

आधी सेवा कोणती ते सांगतो. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला गुंतवणूक सल्लागार, ऑफिस पुण्याला, काम सगळं फोन आणि व्हिडिओ कॉलवर. फी ठरावीक: वर्षाला 20,000 आणि वर 18% जीएसटी, म्हणजे 23,600. नाव देत नाही, कारण या प्रकारच्या सेवेतून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेच जळगाव-धुळ्याकडच्या माणसाच्या कामाचं आहे. माझं मत सरळ आहे. पहिल्या वर्षाची फी वसूल झाली, दुसऱ्या वर्षी तेवढीच फी भरण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे 'गुंतवणूक सल्लागार' अशी पाटी दिसते ती बहुधा म्युच्युअल फंड वितरकाची किंवा विमा एजंटाची असते. वितरकाचा नोंदणी नंबर एआरएन या अक्षरांचा, त्याची कमाई कमिशनवर. फी घेणाऱ्या सल्लागाराचा सेबी नोंदणी नंबर आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि 2013 च्या सेबी नियमांनुसार त्याला सल्ल्यावर कमिशन घेता येत नाही. सेबीच्या वेबसाइटवर नंबर टाकून नाव जुळवायचं, आणि फी ज्या खात्यात जाणार तेही त्याच नावाचं आहे ना हे बघायचं. रोख मागितली, ओटीपी मागितला किंवा 'इतके टक्के पक्के' म्हणाला, की फोन ठेवायचा. टेलिग्रामवर टिपा देणारे सहसा सेबीच्या या नोंदणीत नसतात.

वितरक म्हणजे चोर नव्हे, हेही लिहून ठेवतो. तो घरी येतो, केवायसीचे कागद भरून घेतो, वारसाच्या वेळी धावपळ करतो. प्रश्न फक्त किंमत दिसत नाही एवढाच. ती बघायची जागा आहे: सप्टेंबर आणि मार्चनंतर येणारं सहामाही एकत्रित खातेविवरण. त्यात वितरकाला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. सहसा कोणी तिथवर वाचत नाही.

आता फीचा हिशोब. रेग्युलर (वितरकामार्फत, कमिशनसकट) आणि डायरेक्ट (थेट फंडाकडून, कमिशनविना) योजनेच्या खर्चात इक्विटी, म्हणजे शेअर्सच्या, फंडात साधारण 0.5 ते 1% फरक असतो. 0.8% धरला तर 5 लाखांवर वर्षाला 4,000 वाचतात, 20 लाखांवर 16,000, आणि 23,600 निघायला साडेएकोणतीस लाख लागतात. म्हणजे फक्त फंड बदलण्यासाठी फी द्यायची असेल तर छोट्या रकमेला ती परवडत नाही. फी वसूल झाली ती दुसरीकडे, विम्याच्या पॉलिसींवर.

सल्लागाराने प्रत्येक पॉलिसीचं शाखेतून लेखी विवरण मागवलं: विमा रक्कम, जमलेला बोनस, आजचं सरेंडर मूल्य (आज पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम), मुदतीची तारीख. भरलेले हप्ते हिशोबात धरलेच नाहीत, कारण ते गेले ते गेले. आज हातात येणारं सरेंडर मूल्य आणि पुढचे हप्ते एका बाजूला, मुदतीअखेर मिळणारी रक्कम दुसऱ्या बाजूला, आणि त्यातून पुढच्या काळाचा परतावा काढला. पारंपरिक पॉलिसी पूर्ण मुदतीत सहसा 5-6% च्या आसपास बसतात, पण मुदत संपत आलेल्या पॉलिसीचा पुढचा परतावा बरेचदा त्याहून चांगला निघतो. ती मोडू नये. उलट 20 वर्षांच्या, 10 लाखांच्या पॉलिसीत 6 हप्ते झाले असतील तर 'पेड-अप' करायचा पर्याय असतो. विमा रक्कम 10 लाख गुणिले 6 भागिले 20, म्हणजे 3 लाख, अधिक आतापर्यंतचा बोनस. हप्ते बंद होतात, पैसे मात्र मुदतीलाच मिळतात. एजंट हे स्वतःहून सांगत नाही.

इथे एक क्रम चुकला तर मोठं नुकसान होतं. टर्म विमा (बचत नाही, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) हातात पडल्याशिवाय जुनी पॉलिसी बंद करायची नाही. मेडिकलमध्ये साखर निघाली आणि अर्ज नाकारला, तर जुनं गेलेलं आणि नवं नाही.

फंड बदलतानाही घाई नडते. रेग्युलरमधून डायरेक्टला जाणं हे करासाठी विकून पुन्हा घेणंच आहे. एसआयपीच्या, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम फंडात टाकण्याच्या, प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं. बहुतेक इक्विटी फंडांत वर्ष व्हायच्या आत विकलं तर 1% एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचा आकार) आणि नफ्यावर 20% कर. वर्षानंतरच्या नफ्यातला 1.25 लाख दर आर्थिक वर्षी करमुक्त, त्याहून जास्तीच्या नफ्यावर 12.5% कर. म्हणून एक भाग मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये बदलला की 2.5 लाखांपर्यंतचा नफा कराशिवाय निघतो. करबचतीच्या फंडात हप्त्यागणिक 3 वर्षांचं कुलूप, ते वेगळंच.

सेवा कमी पडली ती शेतीच्या पैशात. केळीवाल्या कुटुंबाला दरमहा एसआयपी सुचवली गेली. रावेर-यावल पट्ट्यात पैसा येतो तो मृगबागेचा किंवा कांदेबागेचा (केळी लागवडीचे दोन हंगाम) माल कापल्यावर, महिन्याच्या पाच तारखेला नाही. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपी लागोपाठ तीनदा चुकली की फंड ती रद्द करतो. यावरचा उपाय आहे आणि तो आपणच मागून घ्यावा लागला: विक्रीची रक्कम आधी लिक्विड फंडात (थोड्या काळासाठी पैसे ठेवायचा, कमी जोखमीचा फंड), तिथून दरमहा एसटीपीने, म्हणजे ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या फंडात वळवून, इक्विटीत. दुसरं, 'आधी सगळं कर्ज फेडा' हा शहरी सल्ला पीककर्जाला लागू नाही. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलतींमुळे व्याज जवळपास शून्यावर येतं. ते मुदतीआधी फेडून काही मिळत नाही, मुदत चुकवली तर सवलत जाते. केळी, कापूस, पीककर्ज यांबद्दल पहिल्या कॉलमध्ये एकही प्रश्न न विचारणारा सल्लागार आपल्या कामाचा नाही.

भुसावळ-वरणगावकडच्या निवृत्तांनी मात्र वर्षाची फी भरण्याआधी थांबावं. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 8.2% दराने तिमाहीला 61,500 येतात आणि खातं उघडतानाचा दर 5 वर्षं हलत नाही. हे पोस्टात फुकट कळतं. सल्ला लागतो तो उरलेल्या रकमेसाठी, त्याला सल्लागाराकडून एकदाच करून घेतलेला आराखडा पुरतो. पतसंस्थेत दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी ग्रॅच्युइटी तिथे टाकणाऱ्यांना एकच सांगणं: बँक ठेवीला असतं ते 5 लाखांचं ठेव विमा संरक्षण पतसंस्थेला नाही. पतसंस्थांनी जिल्ह्यात काय रडवलंय ते कोणाला वेगळं सांगायला नको. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दागिने घेऊन त्याला गुंतवणूक म्हणणाऱ्यांना सल्लागाराने घडणावळ आणि विकतानाची घट मोजून दाखवली. पटलं की नाही, माहीत नाही, दागिने आलेच.

अहवाल चाळीसेक पानांचा, इंग्रजीत, त्यातली कामाची पानं चार-पाच. मराठीत दोन पानांची कामांची यादी मागितल्यावर मिळाली, करारात आधीच लिहून घ्यावी. करायचं सगळं आपल्यालाच: खाती, मॅन्डेट (खात्यातून हप्ता कापायची बँकेला दिलेली परवानगी), वारस. आधार आणि पॅनवरचं नाव वेगळं असेल तर केवायसी 'ऑन होल्ड' दाखवते आणि महिना तिथेच जातो, म्हणून हे फी भरायच्या आधी उरकावं.

ठरावीक फीला कुटुंबामागे वर्षाला 1,51,000 ची मर्यादा आहे, आगाऊ फी एका वर्षाहून जास्त घेता येत नाही. मधेच करार मोडला तर उरलेल्या काळाची फी परत मिळते, सल्लागार त्यातून फार तर एका तिमाहीची ठेवून घेऊ शकतो. नाही दिली तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, उत्तर 21 दिवसांत द्यावं लागतं. दुसऱ्या वर्षासाठी पूर्ण नूतनीकरण न करता फक्त एका आढाव्याची फी विचारा. अनेक जण ती देतात, मागितली तर.