गणपतीच्या जागरणाला कोण : दादा की अशोक-लक्ष्या?

आरती झाली, प्रसादाचे द्रोण आवरले, पत्त्यांचे चार डाव झाले की रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्याकडे दरवर्षी एकच वाद निघतो. काहीतरी हसायचं लावा. आणि 'हसायचं' म्हटलं की घर उभं दुभंगतं. अर्ध्यांना दादा कोंडके हवे असतात, अर्ध्यांना अशोक सराफ आणि लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. यंदा गणपती धाकट्या मावसभावाच्या फ्लॅटवर आहे. वीस-बावीस माणसं मुक्कामाला, त्यात त्याची सासुरवाडी. त्याने आषाढातच विचारून ठेवलंय, "दादा, कुठला लावू ते आधीच सांग, तिथं तमाशा नको." (हा दादा म्हणजे मी.)

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. दादांचे नऊ रौप्यमहोत्सव, गिनेस बुक, नाडी लोंबणारी चड्डी, हे सगळं तुम्हाला पाठ असणार, ते सोडतो. दोन्हीकडे शहाणपणा शोधायचा नाही हेही गृहीत धरतो. साडी नेसलेला बाप्या बाई म्हणून खपतो, आंधळ्याचं सोंग घेतलेला माणूस बरोब्बर हव्या त्या बाईवर आदळतो, हे ज्याला चालत नाही त्याने जागरणाला भजन लावावं. यात उपहास नाही, भजनाचं जागरण मलाही आवडतं.

मुळात ही दोन घराणी आपण समजतो तेवढी वेगळी आहेत का, इथूनच मला शंका आहे. दादांना दादा केलं ते 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याने. ते वसंत सबनीसांचं. १९७१ चा 'सोंगाड्या' लिहिला सबनीसांनीच. आणि १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी'चा लेखक कोण? तेही सबनीसच. म्हणजे तमाशाच्या नादाने आईच्या शिव्या खाणारा नाम्या आणि पुण्यात खोलीसाठी वणवण फिरणारे ते चौघे एकाच माणसाच्या दौतीतून आलेले. अशोक सराफही आधी दादांच्या 'पांडू हवालदार'मध्ये, १९७५ साली, हवालदाराच्या वेशात त्यांच्या बरोबरीने उभे होते. 'धूमधडाका' यायला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता. तरी आपण एकाला 'निखळ' म्हणतो आणि दुसऱ्याला 'चावट'. बनवाबनवीतला पार्श्या साडी नेसून जे जे बोलतो त्यातलं निम्मं दादांच्या तोंडी घालून बघा. तेच वाक्य, पण लगेच लहान मुलांना आत झोपायला पाठवतील. फ्लॅटमधला चावटपणा खपतो, बांधावरचा खपत नाही, असं मला वाटतं. असो, हा वाद यंदा सासुरवाडीसमोर काढू नकोस, हेही भावाला सांगितलं.

आता अशोक-लक्ष्याच्या बाजूने. वीस माणसांची पंगत असेल तर ही निवड बिनधोक. गोष्ट घट्ट शिवलेली असते, कारण कापड आधीच दोनदा बेतलेलं असतं. 'धूमधडाका'ची गोष्ट १९६४ च्या तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'ची. बनवाबनवीच्या मागे १९६६ चा हिंदी 'बीवी और मकान' आहे. त्यामुळे कोण कुणाला काय सांगून बसलाय आणि ते कधी अंगाशी येणार, हा हिशेब कुठे चुकत नाही. मध्येच उठून चहा टाकून आलात तरी काही अडत नाही. आमच्याकडच्या पोरांनी तर हे सिनेमे आधी मोबाईलवरच्या तुकड्यांत पाहिले आणि मग अख्खे, त्यामुळे बनवाबनवीत माने कुठे राहतात याची चौकशी सुरू झाली की हॉलभर एकसाथ घोष होतो. आरतीनंतरची दुसरी आरतीच ती. दहा वर्षांखालची मुलं जास्त असतील तर प्रश्नच मिटला. 'झपाटलेला' लावा, रामदास पाध्यांचा बाहुला काय करायचं ते करेल. नंतर रात्री बाथरूमला सोबत जावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

एक खोट मात्र आहे. यातल्या बऱ्याच सिनेमांना शेवटच्या अर्ध्या तासात एकदम कर्तव्याची आठवण होते. कुणीतरी पळवलं जातं, गोदामात खोकी आणि पिंपं रचलेली असतात, आणि आतापर्यंत ज्यांनी पोट दुखेपर्यंत हसवलं ते एकेक जण पिंपावर आपटायला लागतात. बनवाबनवी त्या मानाने यातून बराच सुटलाय. म्हणून तर तो टिकलाय, असा माझा कयास. बाकीच्यांच्या वेळी त्या गोदामाशी आलो की आमच्याकडे गाद्या घालायला सुरुवात होते.

दादांच्या बाजूने बोलायचं तर आधी अडचणच बोलली पाहिजे. खोलीत कोण आहे त्यावर सगळं अवलंबून. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळसणाला मी सासरी बसलो होतो आणि टीव्हीवर दादा लागले. उठून बंद करायला रिमोट सासऱ्यांच्या मांडीवर. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात डोकं घालून बसलो. पाचव्या मिनिटाला सासूबाई "दूध बघते" म्हणून आत गेल्या. पुढचं वाक्य पडलं आणि स्वयंपाकघरातून असा काही हसण्याचा आवाज आला की सासरेही दचकले. दूध वगैरे काही नव्हतं गॅसवर.

दादांची गंमत तिथेच आहे. वाक्य ऐकायला साधं असतं. म्हणणाऱ्याचा चेहरा तर इतका कोरा की हा इसम शेळीबद्दलच बोलतोय. घाण जी काय व्हायची ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात होते आणि हसला की तो सापडला. सेन्सॉरशी त्यांची आयुष्यभर झटापट चालली ती यामुळेच. आक्षेप घ्यायचा तर आधी आपल्याला काय समजलं ते मोठ्याने सांगावं लागतं, आणि ते सांगणार कोण? हे काही दादांनी शोधलेलं नाही, तमाशाच्या गण-गौळणीतली मावशी पिढ्यानपिढ्या हेच करत आली. ती 'मथुरेच्या बाजारा'ला निघते तेव्हा लोणी सोडून सगळ्याचा विचार प्रेक्षक करत असतो.

तरी सरसकट सगळे दादा लावा असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला सत्तरीच्या दशकातले जास्त जवळचे. पुढचे, विशेषतः नंतरचे हिंदी, पाहताना कोरा चेहरा थोडा थकल्यासारखा वाटतो आणि शब्दापेक्षा अंगाकडे जास्त बोट दाखवलं जातं. शीर्षकाने निम्मं काम करून टाकलेलं असतं. आमच्या थोरलीने, वय सोळा, एकदा शांतपणे विचारलं, "बाबा, यातल्या बाईला विनोद करायला कधी मिळतो का?" मी उषा चव्हाणांचं नाव घेतलं. 'सोंगाड्या'तली त्यांची कलावती नाम्यापेक्षा चारपट शहाणी आहे, हे खरंच. पण एकच नाव घेता आलं, हेही खरं. तिच्या प्रश्नातून अशोक-लक्ष्याचे सिनेमेही सुटत नाहीत म्हणा. तिथे तर नायिका झाडाभोवती फिरून आली की तिचं काम संपतं.

आणि प्रिंट. दादांच्या जुन्या सिनेमांच्या टीव्हीवर दिसणाऱ्या प्रती ओरखड्यांनी भरलेल्या, गाणी मध्येच तुटलेली. मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर तर जास्तच खुपतात. यात नंतरची मंडळी सरळ पुढे.

इथपर्यंत तराजू साधारण समान आहे, किंचित अशोक-लक्ष्याकडे झुकलेला म्हटलं तरी चालेल. माझं मत फिरलं ते एका अगदी क्षुल्लक गोष्टीने. रिमोटवरच्या आवाजाच्या बटणाने.

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढचे दोन महिने त्यांची कॉट आमच्या हॉलमध्ये. रात्री झोप नाही, वाचायला चष्मा नको, बातम्यांनी रक्तदाब वाढतो. मग रोज रात्री एक सिनेमा, तोही हसायचाच, अशी आमची सवय पडली. अण्णा कानाने मंद. मशीन आहे, पण मोठा आवाज झाला की ते शिट्टी मारतं आणि अण्णा चिडून काढून उशाखाली टाकतात.

सुरुवात अशोक-लक्ष्यापासून केली, कारण मला ते आवडायचे. अजूनही आवडतात. पण त्या दोन महिन्यांत एक गोष्ट कळली जी थिएटरात किंवा पंगतीत कधी कळली नव्हती. या सिनेमांत सगळे ओरडतात. एक जण बोलत असताना दुसरा त्याच्यावर बोलतो, तिसरा किंचाळत आत येतो, त्याखाली वाद्यं वाजत असतात, आणि विनोद झाला की झाला हे कळावं म्हणून वर एक 'टॉंय'. मी आवाज अठरावर ठेवायचो. खासगीतली कुजबुज अण्णांना ऐकू येत नाही म्हणून तीसवर न्यायचो. तेवढ्यात कुणीतरी दार फोडून आत शिरायचं, मशीन शिट्टी मारायचं, मी धडपडत दहावर. तोवर पुढचा विनोद गेला. अण्णा विचारणार, "काय म्हणाला?" मी सांगणार. विनोद समजावून सांगितला की काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा सकाळी जिन्यात फक्त एवढंच विचारलं, "काल कुणी आलं होतं का भांडायला?"

आठवड्याने कंटाळून 'सोंगाड्या' लावला. आवाज अठरावर ठेवला आणि विसरलो. खरंच विसरलो. मध्यंतराच्या आसपास लक्षात आलं की रिमोट चहाच्या कपामागे पडलाय आणि अण्णांनी एकदाही "काय म्हणाला?" विचारलेलं नाही. उलट नाम्याची आई झालेल्या रत्नमालाबाई पोराला झापायला तोंड उघडत होत्या आणि अण्णा आधीच "आता बसतोय बघ" म्हणून कॉटवर हलत होते. डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलं होतं, पण ते जाऊ द्या.

मग मी मुद्दाम ऐकायला लागलो. दादांच्या सिनेमात एका वेळी एकच माणूस बोलतो. बोलून झालं की थांबतो. समोरचा ऐकतो, चेहऱ्याने विचार करतो, मग बोलतो. वगनाट्यातली बतावणीच ती, म्हणजे दोघांतला विनोदी संवाद. उघड्यावरच्या प्रयोगात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द जायला हवा आणि त्याचं हसून होईपर्यंत पुढचा शब्द टाकायचा नाही, ही शिस्त हजारो प्रेक्षकांपुढे अंगात मुरलेली. हसायला जागा मोकळी सोडलेली असते. 'टॉंय' वाजवायची गरज पडत नाही. अशोक-लक्ष्याचे सिनेमे तुम्हाला हसायला वेळ देत नाहीत, कारण बहुधा त्यांना भीती असते की थांबलो तर गोष्टीतली भोकं दिसतील. हे माझं घरगुती निदान आहे. लक्ष्मीकांत बेर्डेंसारखा 'टुरटुर' नाटकातून आलेला नट रंगभूमीवर थांबायला शिकलेला नसेल असं कसं म्हणू? एखाद्या प्रसंगात ते थांबतातही आणि तेव्हा त्यांच्यासारखं कुणी नाही. पण सिनेमा त्यांना थांबू देत नाही.

बालपणीच्या यात्रेतला तंबू मला तेव्हा आठवला. कनातीच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, मागे जनरेटरची धडधड, कर्णा एकच आणि तोही फुटका. तिथेही दादा शब्दन् शब्द कळायचे. आधी बाप्यांच्या बाजूने हशा यायचा, मग अर्ध्या सेकंदाने बायांच्या बाजूने, पदरातून. तो अर्धा सेकंद सिनेमातच सोडलेला असायचा हे कळायला मला अण्णांचं हाड मोडावं लागलं.

तर भावाला मी असं सांगितलं. पहिल्या रात्री, सगळी पाहुणेमंडळी नवी असताना, बनवाबनवी लाव. कुणी नाव ठेवणार नाही, पोरं खूष होतील. दुसऱ्या रात्री मुलं झोपली की 'सोंगाड्या'. सासूबाई उठून आत गेल्या तर थांबवायचं नाही, दूध बघायला गेल्यात असं समजायचं. एकच रात्र मिळणार असेल आणि घरात म्हातारी माणसं जास्त असतील, तर मला विचारशील तर सरळ दादा. म्हातारी लाजतील ही भीती तुझी, त्यांची नव्हे.

तो म्हणाला, "आणि आवाज?"

अठरा. एकदा ठेव आणि रिमोट नैवेद्याच्या ताटामागे टाकून दे.